दगड भिजत घातलाय

“पुन्हा!”

वस्तऱ्याची पाठ धार लावायच्या दगडावरून केसभर जरी उचलली गेली, तरी काका असे ओरडायचे. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत रविवारी सकाळी ही आरोळी चौथ्या मजल्यापर्यंत जायची. लोकांना वाटायचं, काका कुणा पोराला पाढे शिकवतायत. शिकत असायचो मी, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप.

असा एक माणूस तुमच्याही इमारतीत असेल, लिफ्टचं दार उघडं टाकणाऱ्याला जिन्यातच झापणारा. काकांनी ठाण्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये हत्यारांना धार लावण्यात जन्म घालवला होता. सगळं जग बोथट झालंय, असं त्यांचं ठाम मत होतं. ब्लेडने माझ्या मानेवर उठलेलं पुरळ त्यांनी पाहिलं आणि “दुधी सोललायस का?” असं म्हणत मला घरात ओढून नेलं.

तेव्हापासून दर रविवारी सातला खालच्या खिडकीतून हाक यायची, “दगड भिजत घातलाय, ये!”

आधी ओल्या दगडावर, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. मग चामड्याच्या पट्ट्यावर, उलट्या दिशेने. “हात हलका ठेव. कणीक तिंबतोयस का?” वर्षभर त्यांनी मला एका मोडक्या वस्तऱ्यावर राबवलं. मग एकदा स्वतःचा वस्तरा हातात दिला. मी धार लावली, मनगटावर धरली, केस तुटला. काका शाबास वगैरे म्हणाले नाहीत. गालाला साबण फासून माझ्या धारेने दाढी करायला बसले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढे त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यातच जमा. मुलाने त्यांना माजिवड्याला आपल्याकडे नेलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला. “दादा, बाबा साध्या रेझरने दाढी करू देत नाहीत. तोंड फिरवतात. वस्तऱ्याकडे बोट दाखवतात, पण त्याची धार गेलीय. याल का?”

“या रविवारी येतो,” मी म्हणालो.

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी पोराची परीक्षा. मग ऊन, मग नुसताच कंटाळा. डोंबिवलीहून माजिवडा म्हणजे काय लंडन आहे?

सातव्या रविवारी गेलो. मुलाने हसत दार उघडलं. “दादा, तुमचं काम वाचवलं. काल खाली धारवाला आलेला, त्याच्याकडून लावून घेतली.”

वस्तरा, आणि धारवाल्याच्या फिरत्या चाकावर! पातं तापून निळं पडलं होतं, धार करवतीसारखी झाली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

“अरे, ही काय विळी आहे? तुझ्या बापाने चाळीस वर्षं जपलेली वस्तू! अक्कल गहाण ठेवलीयस का?”

काका पलंगावरून बघत होते. पांढरी दाढी बोटभर वाढली होती.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, “दादा, सहा रविवार झाले, बाबा सकाळी खुणा करून माझ्याकडून दगड भिजत घालून घेतात. संध्याकाळी मी तो पुसून ठेवतो. मला बघवेना, म्हणून खाली गेलेलो.”

टेबलावर पातेल्यात दगड होता. त्या दिवशीही.

मी तिथेच दोन तास घासत बसलो. काकांनी डाव्या अंगठ्याचं नख धारेला लावून पाहिलं आणि वाकड्या ओठांतून कसाबसा एक शब्द काढला. “पुन्हा.”

वस्तरा मी घरी आणला, पुढच्या रविवारी नक्की येतो असं सांगून. काका गुरुवारी गेले. त्यांना नेलं तेव्हा गालांवर दाढी तशीच होती.

मुलावरचा राग त्याच दिवशी ओसरला. तो निदान धारवाल्याला हाक मारायला जिना उतरला होता. स्वतःवरचा मात्र जात नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं. महिनाभर घासून मी पात्याचा निळा भाग काढला. आता केस तुटतो.

त्या वस्तऱ्याने मी अजून दाढी केलेली नाही.