लीकच्या वाफ्यातला ओटो

इसोबेल रॉबसन सत्तरीला आली तरी भांडणातून माघार घेत नसे, आणि राल्फ स्टोबर्टपुढे तर मुळीच नाही. न्यूकासलच्या कडेला, रुळांपलीकडे दोघांचे भाजीमळे. मधला मळा माझा. त्यामुळे एकाचा टोमणा दुसऱ्याला पोचवायचं काम कायमचं माझ्या गळ्यात.

भांडण एका मेलेल्या पोराचं होतं. युद्धात एक जर्मन बॉम्बर विमान शहरावर पाडलं गेलं, ते आमच्या मळ्यांवर कोसळलं. त्यातला एकोणीस वर्षांचा ओटो लिंडनर इसोबेलच्या वडिलांच्या लीकच्या, म्हणजे कांद्याच्या जातीतल्या जाड दांड्याच्या भाजीच्या, वाफ्यात पडला. वडिलांनी आपला एकुलता एक कोट त्याच्या अंगावर घातला आणि कुडकुडत घरी आले. आईने कोट कुठाय विचारलं, तर म्हणाले, "त्याला राहू दे." इसोबेल तेव्हा सहा वर्षांची होती. कोट ओटोबरोबरच पुरला गेला.

त्याचं नाव मळ्यात कुठेतरी लागावं, एवढीच तिची मागणी. दर नोव्हेंबरात आम्ही युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर पॉपीचं कागदी लाल फूल लावून फाटकापाशी गप्प उभे राहतो. मग चहा होतो. चहाला ती विषय काढायची आणि राल्फ तो मोडून काढायचा. त्याचंही चूक म्हणवत नव्हतं. त्याच रात्री त्याची थोरली बहीण जीन बॉम्बखाली गेली होती. तिचं नाव तो कधी तोंडातून काढत नसे.

आमच्याकडे एक रीत आहे. सप्टेंबरात सगळ्यात जाड लीक ज्याचे, त्याने मळ्यातल्या एका वाटेला नाव द्यायचं. त्यावर कुणी हरकत घ्यायची नाही, आणि पाटी ठोकायची ती आदल्या वर्षीच्या विजेत्याने. राल्फ इतकी वर्षं जिंकत आला होता की आमच्या बहुतेक वाटांना त्याच्या कुत्र्यांची नावं होती.

"तुझ्या कुत्र्यांना वाटा, आणि त्या पोराला एक पाटी नाही?" इसोबेलने एकदा सगळ्यांदेखत विचारलं.

"माझ्या कुत्र्यांनी बॉम्ब नव्हते टाकले, बाई."

त्यावर ती गप्प बसली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्याच हिवाळ्यात तिने विमान पडलं तो जमिनीचा तुकडा मागून घेतला. कुदळ मारली की पत्रा लागायचा, म्हणून तो कुणी घेत नसे. बाईने पत्रा वेचून काढला आणि कमरेइतकं खणलं.

आता आमच्या पुरुषांची तऱ्हा ऐका. लीकला काय घालतो ते शेजाऱ्याला मरेपर्यंत सांगायचं नाही. कुणी रोपं कापून जाईल म्हणून ऑगस्टभर मळ्यातल्या खोपटात झोपायचं. पण चहा देणाऱ्या बाईपुढे मात्र सगळी फुशारकी ओकून टाकायची. इसोबेलने सगळ्यांना चहा पाजला. कोण बिअर ओततो, कोण मेंढ्यांच्या लेंड्या भिजवून घालतो, सगळं ऐकून घेतलं. तिच्या वाफ्यात डोकावावं असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. मीही त्यातलाच एक शहाणा.

स्पर्धेच्या दिवशी मळेवाल्यांच्या क्लबच्या हॉलमध्ये तिने दोन लीक आणून ठेवले. माझ्या दंडाएवढे, धुतलेले, पांढरेशुभ्र. बाहेरगावच्या परीक्षकाने मोजायची फीत लावली, सोडली, पुन्हा लावली. मग राल्फच्या लीकना लावली आणि इसोबेलचं नाव पुकारलं. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवल्या. राल्फ शेजारीच आहे हे साफ विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी राल्फ हातोडा घेऊन आला. येणार नाही अशी पैज लावणारे तोंडावर पडले. इसोबेलने पाटी दिली: ओटो लिंडनर, वय १९. त्याने ती वाचली, खांबावर ठोकली आणि दोन पावलं मागे सरला. तिरकी लागली होती. त्याने खिळा उपसला, पाटी सरळ धरली आणि परत ठोकली.

"पुढच्या साली मी जिंकलो," मागे न वळता तो म्हणाला, "तर याच्या शेजारची वाट जीनची."

इसोबेलचे डोळे भरून आले होते. पण आवाज तोच, भांडणाचा.

"आधी जिंकून तर दाखव."