डावीकडच्या ओळखी

१९७४ सालच्या जानेवारीत मी सहा हजार आठशे रुपयांना एक जुनी मोटार विकत घेतली. व्यवहाराच्या वेळी मी, माझी बायको सुशीला आणि धाकटी बहीण कुसुम असे तिघे हजर होतो. डावीकडे वळताना या मोटारीचा हॉर्न आपोआप वाजतो, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. (मोटार घेताना माणूस टायरचं विचारतो, बॅटरीचं विचारतो. "डावीकडे गप्प राहते ना?" असं कोण विचारतं?)

उजवीकडे वळवा, गरीब गाय! डावीकडे वळवा, की पोंऽऽऽ! स्टिअरिंग सरळ केलं की पुन्हा जशी काही ती नव्हेच.

मी ती एका मिस्त्रीकडे नेली. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली आणि स्टिअरिंग डावीकडे पार टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं. नाहीच!

"साहेब, गाडीले काही नाही झालं," तो म्हणाला. "कान दाखवून घ्या एकदा."

"अरे, रस्त्यावर वाजतो तो!"

"मग रस्त्यात काही असंल."

पाच रुपये देऊन मी फाटकातून बाहेर पडलो आणि डावीकडे वळलो. पोंऽऽऽ! मागे पाहिलं, तर मिस्त्री मोठ्या प्रेमाने हात हलवून मला टाटा करत होता.

"मग हॉर्नच काढून टाक ना, दादा," कुसुम म्हणाली.

"बिनहॉर्नची गाडी? आणि आपल्या महाल मोहल्ल्याच्या गल्ल्यांत? त्यापेक्षा बिनब्रेकची चालेल!"

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, पण त्याच महिन्यात कुसुमला पाहायला वर्ध्याचे धोटे यायचे होते. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळे गेली होती. एका मुलाने सांगितलेला पगार आणि कपात यांचा मेळ बसत नाही, हे मी पोहे खाताखाताच सिद्ध करून दाखवलं. दुसऱ्या वेळी सुशीलाने कुसुमचं वय चोवीस सांगितलं, आणि मी "सव्वीस पूर्ण, वर पाच महिने" अशी दुरुस्ती केली. या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. वर्ध्याच्या मुलाचा फोटो कुसुमने पाहिला आणि पाकिटात परत ठेवलाच नाही.

"अवो, या टायमाले तोंड उघडू नोका," सुशीलाने बजावलं. "ते काही बी म्हणोत, तुमी फक्त 'हाव' म्हणा."

"आणि चुकीचं बोलले तर?"

"हाव!" दोघी एकदम ओरडल्या.

पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. मी विचार करून रस्ता ठरवला: फक्त उजवी वळणं. स्टेशनहून सरळ लकडगंज, तिथून उजवीकडे, मग आणखी उजवीकडे, की आलाच महाल. अंतर दुप्पट, पण आवाज शून्य!

धोटेकाका माझ्या शेजारी बसले, मुलगा प्रभाकर मागे. मुलगा वीज खात्यात होता आणि बोलण्याचं मीटर बंद असल्यासारखा बसला होता. लकडगंजच्या आरागिरण्या आणि ओंडक्यांचे ढीग दिसू लागले, तसे काका चुळबुळले.

"महाल तर तिकडं राहिला ना गा?"

"हाव."

"मग हे लाकडं काहून दाखवून राहिले आमाले? लग्नाचं बोलाले आलो आमी!"

"हाव."

मागे प्रभाकर खोकला. तेवढ्यात समोर ओंडक्यांची बैलगाडी रस्ता अडवून आडवी! उजवीकडे वाट नाही. देवाचं नाव घेतलं आणि डावीकडे वळलो. पोंऽऽऽ! एक सायकलवाला दचकला आणि त्याने हात वर केला.

"वळखीचे का?" काकांनी विचारलं.

"हाव."

पुढचं वळणही डावंच निघालं. (एकदा गणित चुकलं की चुकतच जातं!) पोंऽऽऽ! चौकातला शिपाई खाडकन ताठ झाला.

"पोलिसातबी वळख आहे!" काका सरसावून बसले. "मोठा माणूस आहे गा तुमी!"

"हाव," मी म्हणालो. (याहून निर्लज्ज 'हाव' मी आयुष्यात म्हटलेलं नाही.)

तिसऱ्या डाव्या वळणावर माणूस नव्हता. एक म्हैस होती. पोंऽऽऽ!

काकांनी म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेबी वळखीची?"

"हाव."

"दूध तिचंच येते का घरी?"

"हाव!" काकांनी स्वतःच मला सोडवलं होतं.

घराजवळचं शेवटचं वळण अरुंद. डावीकडे वळवताना एक चाक नालीच्या कडेला अडकलं, गाडी थांबली, मी गोंधळून स्टिअरिंग तसंच घट्ट धरून बसलो आणि हॉर्न काही थांबेना! सगळा मोहल्ला बाहेर आला. "कोण गेलं गा?" असं कोणीतरी ओरडलं. काका मात्र खिडकीतून एकेकाला नमस्कार करत होते. दारात सुशीला माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, की हॉर्न परवडला. खिडकीत कुसुम पांढरीफटक.

इतक्यात मागून प्रभाकरचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. त्याने स्टिअरिंग किंचित उजवीकडे ओढलं. हॉर्न गप्प!

काका उतरून पुढे झाले, तसा तो मला म्हणाला, "स्टिअरिंगच्या नळीतली हॉर्नची तार सोलली आहे. चाकांवर भार असला की डावीकडं वळताना ती नळीले लागते. जॅकवर नाही समजत. मले तर पहिल्याच वळणावर समजलं."

"मग बोलले काहून नाही?"

"म्हटलं, म्हशीच्या पुढं कोण भेटते ते पाहू!"

ते ऐकून वर खिडकीत कुसुम फिस्सकन हसली आणि मग थांबेचना. संपलं, मी मनात म्हणालो, तिसरंही गेलं! पण प्रभाकर मान वर करून खिडकीकडे पाहतच राहिला. माझ्या मते लग्न तिथेच जमलं. पोहे नंतर आले.

"पोरगी पसंत," काका बशी खाली ठेवत म्हणाले. "हुंडा नाही पाहिजे आमाले. पर एवढ्या वळखीचा माणूस! पाचशे पानं तरी उठतीन ना तुमच्याकडून?"

मी एकशे वीस धरली होती. मी कुसुमकडे पाहिलं.

"हाव," मी म्हणालो.

त्या दुपारी प्रभाकरने तार बाहेर ओढून तिला काळी पट्टी गुंडाळली. पट्टीचे पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. लग्नानंतर आचाऱ्याला मात्र पाचशे पानांचे दोन हजार रुपये रोख दिले. आमच्याकडून जेवायला एकशे बारा माणसं उठली. त्यांतली चौऱ्याण्णव सुशीलाच्या ओळखीची होती. उरलेली अठरा माझ्या ओळखीची; आणि त्यांत मी स्वतःलाही धरलं आहे.