चहातलं औषध

त्या रविवारी दुपारी मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, टीव्हीसमोर खाटेवर बसली होती आणि मी खाली, भिंतीला टेकून. अंजनगावजवळच्या आमच्या गावी मी अमरावतीहून कॉलेजच्या सुटीत आले होते. मोठ्या आईचा मुलगा, माझा चुलतभाऊ, त्याच पावसाळ्यात गेला होता. कपाशीवर फवारणी करून घरी आला, डोळे चोळत राहिला, मग उलट्या सुरू झाल्या. अकोल्याच्या दवाखान्यातून तो परत आलाच नाही. डॉक्टरांनी कारण स्पष्ट सांगितलं होतं, फवारणीचं विष अंगात भिनलं. पण पोलिसांनी त्याच्या बायकोला, वहिनीला, शेतात नेलेल्या जेवणाच्या डब्याबद्दल, पाण्याबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, आणि तेवढ्यावरून गावात कुजबुज सुरू झाली. मोठी आईही वहिनीच्या हातचं काही घेताना थबकायला लागली होती.

गुन्ह्यांची ती मालिका मोठी आई कधी चुकवायची नाही. त्या दिवशीच्या भागात बायको नवऱ्याच्या चहात पिकावर फवारायचं औषध घालते. तो कपभर चहा पितो, मस्त झालाय म्हणतो, ऑफिसला जातो आणि संध्याकाळी खुर्चीतच मान टाकतो. बाई ती बाटली फेकत नाही. आपल्याच कपाटात साड्यांखाली ठेवते. इन्स्पेक्टर घरात येतो आणि सरळ तेच कपाट उघडतो.

मला हसू आलं. बाटली जपून कोण ठेवतं, आणि इन्स्पेक्टरला कपाट सांगितलं कोणी, असं मी म्हणत होते, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. पडद्यावर बाईला बेड्या पडत होत्या. मोठ्या आईनं कपाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. कप तिनं उचलला नाही.

वहिनीनं टीव्ही बंद केला. मागच्या दारानं गोठ्यात गेली आणि फवारणीतून उरलेल्या औषधाचा डबा घेऊन आली. आमच्यासमोर तिनं झाकण फिरवलं. तो उग्र वास खोलीभर पसरला, माझ्या घशात उतरला.

"वास घ्या आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "हे च्यात घातलं तं कोनी पिईन का?"

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. उघडा डबा तिच्या छातीशी होता. मी उठले, पण पुढे जायचा धीर होईना. हिसकावायला गेले आणि तिनंच तोंडाला लावला तर?

मोठी आई नाकाला पदर लावून बसली होती. पदराआडूनच म्हणाली, "झाकन लाव. तुया हाताले लागीन."

वहिनी हलली नाही.

"वारं होतं त्या दिवशी," मोठी आई म्हणाली. "तो नाही म्हनत होता. मीच म्हनलं, आजच फवारून घे. कोनाले सांगू मी हे?"

वहिनीनं झाकण लावलं. मी डबा तिच्या हातातून घेऊन अंगणापार नेला. परत आले तेव्हा मोठी आई न्हाणीत वहिनीच्या हातांवर पाणी ओतत होती.

कापूस वेचून झाल्यावर वहिनी माहेरी अकोल्याला गेली, शिवणकाम शिकायला. जायचं तिनं त्या रविवारच्या आधीच ठरवलं होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. आळीतल्या बायका तिच्या जाण्यावरून बोलायला लागल्या, तेव्हा मोठ्या आईनं त्यांना दारातच ऐकवलं की पोराला फवारायला मी पाठवलं होतं, काय बोलायचं ते मला बोला. एसटीपर्यंत ती सोबत गेली, वहिनीची पिशवी स्वतःच्या काखेत घेऊन.