पाळकसाहेबांना नापास करणारे भाऊजी

आमच्या शेजारच्या भाऊजींना मी 'नियमशास्त्र' म्हणते. मनातल्या मनात हो! म्हणजे त्यांच्या बायकोला, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त भाऊजींना.

नोकरी लायसन्स ऑफिसात. गाडी शिकलेल्यांची परीक्षा घ्यायची. भाऊजी शेजारच्या सीटवर बसतात, हात मांडीवर ठेवतात आणि तोंडातून 'हं' खेरीज चकार शब्द काढत नाहीत. बिचाऱ्या उमेदवाराला वाटतं, जमलं! मग गाडी थांबते, भाऊजी दार उघडतात, एक पाय बाहेर टाकतात आणि म्हणतात, "वळताना आरशात बघितलं नाहीत. पुन्हा या."

"पण साहेब, बाकी सगळं बरोबर होतं ना?"

"बाकीच्याचं काय करू? दोर एकाच ठिकाणी तुटला तरी बादली विहिरीतच जाते."

सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी असंच घरी पाठवलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजत होती. आमची भिंत सामाईक, त्यामुळे मला ऐकावं लागलं. माझा इलाज नव्हता.

पण माणूस दुष्ट नाही. नुसतं कोपऱ्यापर्यंत जायचं असलं तरी भाऊजी पट्टा लावणार, रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणार. स्वतःला कधी सवलत दिली नाही, म्हणून दुसऱ्याला द्यायलाही त्यांच्यापाशी शिल्लक नसायची. आमच्या मंडळीच्या वडिलांमध्ये, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांमध्ये, त्यांची निवड झाली तीही याच सरळपणामुळे. लोक आदर करायचे आणि जरा लांब बसायचे.

एकदा तर त्यांनी चक्क पाळकसाहेबांनाच नापास केलं. पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, गोल, हसरे, उतारवयाचे गृहस्थ. आजाऱ्यांच्या भेटीला सायकलवर जायचे. गुडघे कुरकुरायला लागले तशी मंडळीने त्यांना एक जुनी गाडी घेऊन दिली. गाडी आली, पण लायसन्स काही येईना. कारण गाडी मागे घेताना पाळकसाहेब मान वळवतच नाहीत.

"भाऊ, मी मागचं सोडून पुढचं बघणारा माणूस आहे."

"उपदेशात चालेल ते," भाऊजी म्हणाले. "परीक्षेच्या मैदानात नाही. पुन्हा या."

तेव्हापासून ती गाडी चर्चच्या आवारात कबुतरांच्या ताब्यात होती.

आणि मग तो रविवार आला. उपासना संपली, लोक बाहेर पडत होते. भाऊजी स्वतःची गाडी काढत होते, आणि गायकवृंदातल्या कोणीतरी आपली स्कूटर फाटकात आडवी लावली होती. झालं! भाऊजींनी रिव्हर्स टाकला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्या स्कूटरवाल्याला सुरुवात केली. "ही काय गाडी लावायची रीत झाली? फाटक आहे की तुमचं अंगण?" बोलता बोलता गाडी मागे सरकत होती. मागे पाळकसाहेब कोणाचा तरी निरोप घेत उभे होते. चाक त्यांच्या पायावर चढलं. पाळकसाहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला, तो आमच्या गीतसंग्रहात नाही.

पायाची हाडं मोडली, प्लास्टर बसलं. त्यांना दवाखान्यात सोडून भाऊजी तडक पोलिसांत गेले.

हवालदाराने विचारलं, "तक्रारदार कोण?"

"मी."

"आणि गाडी कोणी घातली?"

"मीच."

"मग आपसात मिटवा की!"

तिथे काही जमलं नाही म्हणून भाऊजी परत दवाखान्यात आले आणि खिशातून आपलं लायसन्स काढून पाळकसाहेबांच्या पांघरुणावर ठेवलं.

"अहो, हे काय? मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

"असं कसं माफ करता? तसा अधिकार नाही तुम्हाला."

"मग कोणाला आहे? पाय माझा आहे!"

पण भाऊजींच्या गळी ते उतरेना. मंडळीच्या वडिलांमधून त्यांनी नाव मागे घेतलं. ऑफिसात रजा टाकली. आता कुठल्या तोंडाने लोकांना नापास करायचं? पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायच्या विधीला, भाकरीचं ताट बाकावरून फिरत त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी हात न लावता ते पुढे सरकवलं. ते घेताना वहिनींनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, मी मागच्याच बाकावर होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या ओट्याशी येऊन रडल्या. "आदळआपट करत नाहीत, भांडत नाहीत. नुसते भिंतीकडे बघत बसतात. काल म्हणाले, 'इतकी वर्षं मला वाटायचं मी पास आहे.' हा माणूस पुन्हा प्रभूच्या मेजाशी येईल का हो? तिथून उठला तर मी त्याला कुठे शोधू?"

मी नेहमी काहीतरी फटकळ बोलते. त्या दिवशी चहा टाकला.

पाळकसाहेबांच्या कानावर हे कोणी घातलं, ते विचारू नका. प्लास्टर घेऊन, कुबड्या टेकत टेकत ते भाऊजींच्या घरी आले. मी नेमकी तिथे वाटीभर साखर मागायला गेले होते. माझ्या घरचा डबा भरलेला होता, ती गोष्ट वेगळी.

"भाऊ, शिवणाऱ्या मावशींकडे जायचंय. बाई अंथरुणाला खिळलीय, प्रभुभोजनाची वाट बघतेय. मला गाडी येत नाही, असं तुमचंच मत. तेव्हा तुम्ही न्या."

भाऊजी उठून उभे राहिले. "नेतो. रोज नेतो. आयुष्यभर नेईन. ही शिक्षा मला मान्य आहे."

"शिक्षा म्हणून नेणार असाल तर मी गाडीत बसणार नाही."

"मग कशासाठी नेऊ?"

"मावशी वाट बघतेय म्हणून. पुरे नाही का एवढं?" मग त्यांनी ते लायसन्स पुढे केलं. "आणि हे खिशात ठेवा. विनालायसन्स चालवाल तर मी स्वतः हवालदाराला सांगेन. त्याच्या तुम्ही आता ओळखीचे झालात."

वहिनी फसकन हसल्या, कितीतरी दिवसांनी. भाऊजी हसले नाहीत, पण त्यांनी किल्ली घेतली.

मागच्या सीटवर वहिनी आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी उतर असंही म्हणालं नाही. गाडी अशी चालली होती की एक म्हातारबुवा फुटपाथवरून आमच्या पुढे निघून गेले. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. भाऊजींच्या मानेवर घाम साचला होता.

मावशींची खोली जिना चढून वर. खिडकीशी चादरीने झाकलेलं शिलाई मशीन, पलंगाशी पाण्याचा तांब्या. नजर अधू झालेली, जीभ मात्र शाबूत.

"कोण कोण आलंय? तो नापास करणारा पण आलाय? ये बाबा, बस. माझी परीक्षा नको घेऊ, मला उठता येत नाही."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली. मावशींनी आपला तुकडा हातात घेतला. ताट भाऊजींकडे आलं. ते मागे सरले.

"मला नको. मी त्या लायकीचा नाही."

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "लायकीच्या लोकांना मिळतं होय हे? मला कोणी सांगितलंच नाही. मग माझंही परत घ्या." आणि चाचपडत त्यांनी तुकडा ताटात ठेवून दिला.

"मावशी, असं नका करू. तुम्ही घ्या."

"पडल्या पडल्या अख्ख्या गल्लीला शिव्या देते मी. सुनेला तर सकाळ-संध्याकाळ. तू नापास, तर मी कुठून पास?"

भाऊजींनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, जणू आता तरी कोणी नियम सांगावा. पाळकसाहेब प्लास्टरचा पाय लांब करून बसले होते. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "ही परीक्षा नाही. जेवण आहे."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कोणीतरी ओरडून दिशा सांगत होतं. एरवी भाऊजी खिडकीशी गेले असते. ते हलले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला आणि तुकडा उचलला. एवढासा तो तुकडा, पण चावायला त्यांना फार वेळ लागला. वहिनींनी पदर तोंडाशी धरला.

"घेतलं का त्याने?" मावशींनी विचारलं.

"घेतलं," मी म्हणाले.

"मग माझं द्या की आता! की मी उपाशीच?"

पाळकसाहेब कुबड्या ओढून उठू लागले. भाऊजींनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि ताट स्वतःच मावशींच्या पलंगाशी नेलं.