ओल्या कडब्याची गंजी

जळक्या कडब्याचा वास आला की निजामी अमलातलं ते प्रकरण मला अजून आठवतं. नावं देत नाही.

मी तेव्हा सेलूकडच्या एका ठाण्यात जमादार होतो. वालूरजवळच्या एका गावचा पाटील खबर घेऊन आला. थोरल्या भावाची कडब्याची गंजी पेटली, शेजारच्या गोठ्यातली बैलजोडी जळून मेली. संशय धाकट्यावर, दोघांचं बांधावरून भांडण होतं. गंजी जळाली की गावाला आधी वैरी आठवतो. ठाण्याचे प्रमुख अमीनसाहेब, त्यांनाही तेच सोयीचं होतं. त्यांनी धाकट्याला हवालातीत टाकलं.

जबाब घ्यायला मी बसलो. मी मुळात तापट, आवाज चढवला.

"पेटवायची असती तं अंधारात पेटवली असती, जमादारसाहेब," तो म्हणाला. "भर दुपारी गावासमोर कोण येडं काडी लावतंय?" मग खाली बघत म्हणाला, "सजा करा. पर मायला सांगा, म्या न्हाई केलं."

आई थोरल्याकडं राहायची. ते बैल तिनं वासरं असल्यापासून वाढवले होते.

पंचनाम्याच्या वेळी मी एक पाहून ठेवलं होतं. कडेच्या पेंढ्या अर्धवट शिल्लक, पोटात मात्र निव्वळ राख. काडी लावलेली गंजी बाहेरून जळते. ही आतून जळाली होती. चौकशीत कळलं, कडबा अवकाळी पावसात भिजला होता आणि थोरल्यानं तो ओलाच रचला होता. त्याच कडब्याची दुसरी, लहान गंजी अजून उभी होती.

मी अमीनसाहेबांशी सौदा केला. "हुजूर, ती गंजी तपासू द्या. काही निघालं नाही तर धाकट्याला कोर्टात पाठवायचं चालान मी स्वतः लिहितो."

पंचांसमोर पहार गंजीच्या पोटात खुपसली. काही वेळानं ओढली तर टोकाला वाफ. एका पंचानं बोट लावलं आणि "मेलो रे!" म्हणत तोंडात घातलं.

पुढे एका शाळामास्तरांनी उलगडून सांगितलं. ओल्या कडब्यात रासायनिक क्रिया हळूहळू चालते. तिची ऊब आत कोंडते. ऊब वाढली की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की ऊब. बरेच दिवस बाहेर काही दिसत नाही, आणि मग एकदम भडका.

आई तिथंच होती. मी पहार तिच्यापुढं धरली.

"लोखंड उन्हानं बी तापतंय, साहेब," ती म्हणाली. "माझे बैल त्यानंच जाळले."

"अगं माय, टोकच तापलंय. वरची बाजू बघ, गार आहे."

तिनं पाहिलं नाही.

धाकटा निर्दोष ठरला. वर गेलेल्या अहवालात नाव अमीनसाहेबांचं, बढतीही त्यांना. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण एक शिकलो. गुन्हा सिद्ध करण्यापेक्षा गुन्हा झालाच नाही हे पटवणं अवघड. माणूस दाखवला की लोकांचं समाधान होतं; ओला कडबा दाखवून होत नाही.

सुटल्यावर तो ठाण्याच्या पायरीवरच बसून राहिला.

"घरी जा की रे आता."

"मायनं मानलं का, साहेब?"

अमीनसाहेबांनाही शब्दाला शब्द देणारा मी, नुसती नकारार्थी मान हलवली. तो उठला, धोतर झटकलं आणि गावाची वाट सोडून जिंतूरच्या रस्त्याला लागला.