नळ गेला, गोळी गेली

लातूर जिल्हा झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे आमच्या गल्लीला पाट्यांवरून कळलं. कालपर्यंत जिथं 'तालुका' होतं तिथं 'जिल्हा' रंगवलं गेलं. आतली माणसं, खुर्च्या आणि कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या त्याच राहिल्या. पाणी मात्र होतं तेवढंही राहिलं नाही.

अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, लहानपणापासून फिट यायची. रोज एक गोळी घेतली की ती ठणठणीत असे. गोळीची आठवण तिला कुणी करून देत नसे. सकाळी नळ आला की ती पहिली घागर भरायची आणि त्यातलंच पाणी तांब्यात घेऊन गोळी गिळायची. डबी नळाजवळच्या कोनाड्यातच असे. आठवण ठेवण्याचं काम अक्का नाही, नळ करतो आहे, हे नळ चालू होता तोवर आम्हाला कळायचं कारण नव्हतं.

दुष्काळात नळ बंद झाला. गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊ लागला, तोही कचेरीतल्या साहेबांच्या मर्जीनं, वाटेल तेव्हा. अक्काचं कोनाड्याकडे जाणंच थांबलं. आईला वाटे, ती घेते. अक्कालाही वाटे, आपण घेतली. एका दुपारी टँकरच्या रांगेत ती घागरीसकट कोसळली.

मदतीला सगळी रांग धावली. एकानं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, दुसऱ्यानं पायातली चप्पल. कातड्याची चांगली की रबराची, यावर तिच्या डोक्यावरच वाद रंगला. मधल्या वेळात ती आपोआप शुद्धीवर आली आणि श्रेय चपलेला गेलं.

अक्का बालवाडीत शिकवत असे. जिल्हा झाल्यापासून बालवाडीचे अध्यक्ष रस्त्यानं चालतानाही व्यासपीठावर असल्यासारखे चालत. ते घरी आले.

"बाई, सध्या घरीच ऱ्हावा. लेकरांपुढं पडलात म्हंजे? पुढं बघू."

अक्काच्या आधी ज्यांना 'पुढं बघू' ऐकवलं होतं, त्यांच्याकडे कुणी पुन्हा बघितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. पुन्हा पडायचं नाही आणि बालवाडीत परत जायचं.

लगेचच अध्यक्षांनी आरोग्य शिबीर भरवलं. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांना धूळ लागू नये म्हणून आमच्या गल्लीचा टँकर नेऊन मैदानावर पाणी मारलं. त्या चिखलात बसून आम्ही डॉक्टरसाहेबांचं भाषण ऐकलं. औषध वेळेवर न घेणाऱ्या माणसाला शिस्त नसते, असं ते म्हणाले. स्वतः ते बरेच उशिरा आले होते.

आई पुटपुटली, "पायाखाली बघ. चार घागरी भरल्या असत्या."

घरी येऊन अक्कानं कोनाड्यातली डबी काढली आणि आरशापुढच्या फणीजवळ ठेवली.

"तिथं कशाला?" आईनं विचारलं.

"वेणी घातल्याबिगर मी दारात तरी हुबी ऱ्हाते का? टँकर येवो न येवो, केस तर डोक्यावरच हायत."

आधी गोळी, मग फणी, असा तिनं नेम केला. शिस्तीवरच्या सबंध भाषणात एवढी साधी गोष्ट नव्हती. मग उन्हाळाभर ती पुन्हा पडली नाही. पुढं शाळा उघडायच्या सुमारास ती स्वतःच अध्यक्षांकडे गेली, मी सोबत होतो.

"म्हंजे आमच्या शिबिराचा गुण आला म्हणा की!" अध्यक्ष खूश झाले.

"हाव, लई आला," अक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. नोकरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीला निघाली. आई पदर खोचून, भिंतीच्या कडेकडेनं, तिच्या नकळत मागं चालली होती. वळणावर अक्का थांबली आणि मागं न बघताच म्हणाली, "आई, मागं मागं कशाला येलालीस? दगडाला ठेचकाळून तूच पडशील. मग तुझ्या नाकाला चप्पल कुणी लावावी?"

आई तिथंच उभी राहिली. अक्का पुढं गेली.