ताई अजून सुरतेला आहेत

सुलभाताईंना जाऊन महिना उलटला होता. मी दुपारची मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात त्यांच्या विद्यार्थिनीचा, रोहिणीचा, सुरतेहून फोन आला. म्हणाली, "काकू, मॅडमच्या पेशी छान वाढताहेत." माणूस गेल्याचे फोन मी आयुष्यात बरेच घेतले आहेत, त्यावर काय बोलायचं ते तोंडात तयार असतं. पण गेलेलं माणूस वाढतंय, यावर काय म्हणायचं... मी "बरं" म्हटलं आणि उगाचच हात धुवायला उठले.

ताई माझ्या नणंद. लग्न केलं नाही, माहेरीच राहिल्या, शहाद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. नणंद कायमची घरात म्हणून गावातल्या बायकांनी माझी आगाऊच कीव करून ठेवली होती. प्रत्यक्षात मला त्रास झाला तो त्यांच्या शेवाळाचा. आमचं गाव प्रकाशाच्या अलीकडे, तापीच्या काठी. समुद्र कुठल्या कुठे. आणि या बाईंनी डोकं घातलं ते समुद्रशेवाळात. सुट्टी लागली की सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जायच्या आणि पोती घेऊन यायच्या. तपकिरी, हिरव्या, लालसर अशा त्या झिंज्या गच्चीवर माझ्या पापडांशेजारी वाळायच्या. शेजारच्या कमलकाकू कठड्यावरून विचारायच्या, "काय वं, पाटीलना घरमा मासा सुकाडी ऱ्हायनात का?" आमचं घर माळकरी. मी शरमेने अर्धी व्हायचे आणि ताई हसून म्हणायच्या, "काकू, वास दर्यानाच शे, पण मासा नही."

वाळलेलं शेवाळ दळायचं, अल्कोहोलमध्ये भिजत घालायचं, गाळून आटवायचं, की उरायचा काळपट हिरवा अर्क. आमच्या फ्रिजच्या दारात विरजणाच्या भांड्याशेजारी त्याच्या बाटल्या असत. ते काय करतं, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्यासमोरचं चिरलेलं वांगं उचललं. म्हणाल्या, हवा लागली की हे काळं पडतं ना, तसं काहीतरी आपल्या आतही सतत चाललेलं असतं. ते रोखायची ताकद यात किती, ते मी बघते. मग कॉलेजात नेऊन दाखवलं. जांभळ्या द्रावणात दोन थेंब टाकले आणि रंग उतरत उतरत पिवळा झाला. मला गंमत वाटली. पुढची पायरी मात्र गमतीची नव्हती. त्यासाठी त्या सुरतेच्या प्रयोगशाळेत जात आणि एकदा मलाही घेऊन गेल्या. सूक्ष्मदर्शकातून मी पाहिलं, तर प्लेटच्या तळाला चिकटून बसलेले पारदर्शक ठिपके. "या एका बाईच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी," ताई म्हणाल्या. "बाई जाऊन कित्येक वर्षं झाली. या वाढताहेत. यांच्यावर मी अर्क टाकून बघते." घरी येईपर्यंत माझ्या अंगावरचा काटा गेला नव्हता. त्या बाईच्या घरच्यांना हे ठाऊक असेल का, हेच डोक्यात घोळत राहिलं.

अर्काने पेशी मरतात ही बातमी कशी कोण जाणे पसरली आणि लोक दारात येऊ लागले. धडगावहून एक गृहस्थ जीप बदलत बदलत आले. वडिलांचं तोंड तंबाखूने सडलेलं. "थोडंच द्या मॅडम, चमचाभर." ताईंनी त्यांना जेवू घातलं, चिंचपाड्याच्या दवाखान्यात कुणाला भेटायचं ते समजावून सांगितलं, पण बाटलीला हात लावला नाही. गाव म्हणालं, शिकलेली बाई, काळीज घट्ट आहे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

मग गाठ त्यांच्याच छातीत निघाली. आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, एका संध्याकाळी बाटली घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. "घरमा औषध पडेल शे आनि तू मरी ऱ्हायनी. पी."

"ते औषध नही, भाऊ," ताई शांतपणे म्हणाल्या. "प्लेटमा मीठ टाकं तरी त्या पेशी मरतस. माणूस जगाडीसन त्या मराले पाहिजेत. ते अजून कोणी दखं नही."

ह्यांनी बाटली फ्रिजमध्ये आपटली आणि कितीतरी दिवस बहिणीशी बोलले नाहीत. ताईंनी डॉक्टरांचेच उपचार घेतले. सुरतेला ऑपरेशन झालं तेव्हा काढलेल्या गाठीचा तुकडा त्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रोहिणीच्या हवाली करायला सांगून ठेवलं होतं. "माझ्या पेशी वाढवून त्यांवर अर्क टाकून बघ," एवढंच तिला म्हणाल्या होत्या. आम्हाला कुणाला सांगितलं नाही. रोग पुढे गेलाच होता.

दशक्रियेला प्रकाशाच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा आला, हातभर अंतरावर बसला, मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला आणि शिवेना. हे हात जोडून एकेक कबूल करू लागले. ताई, तुन्ही पुस्तकं कॉलेजले दिसूत. ताई, आमनी पोरीले शिकाडसूत. ताई, मी बोलनू नही तुन्हासंगे, माफ कर. ऊन चढलं. कावळा बसूनच होता, बघत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही मान खाली घालून घरी आलो.

म्हणून रोहिणीचा फोन ह्यांना सांगितला तेव्हा ते पांढरेफटक पडले. "मंग कावळा कसा शिवी?" म्हणाले. "ती गयीच नही." दुसऱ्या दिवशी आम्ही सुरतेच्या गाडीत होतो. त्यांचं ठरलं होतं, जे काही असेल ते आणायचं आणि तापीत सोडून बहिणीला मोकळं करायचं. रोहिणीला ताईंच्या इच्छेप्रमाणे त्या पेशींवर अर्क टाकायचा होता. घरच्यांना न सांगता तिचा हात धजेना, म्हणून तो फोन.

प्रयोगशाळेत तिने पेशी ठेवायचं कपाट उघडलं. आतली ऊब तोंडावर आली. ह्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. "आंगना गत गरम शे," पुटपुटले. मग बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. काय शोधत होते देव जाणे.

"हायीले खावाले काय देस तू?" त्यांनी विचारलं.

"गुलाबी पाणी असतं काका, त्यातच सगळं. एक दिवसाआड बदलते मी."

"तू टाकशी ते तिले दुखी का?"

"नाही काका." पोरीचे डोळे भरले होते.

"मंग टाक. तिन्हं काम शे ते." तापीचं नाव त्यांनी काढलंच नाही.

आठवडाभराने रोहिणीचा फोन आला. अर्क टाकलेल्या प्लेटमधल्या बहुतेक पेशी मेल्या होत्या. एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, असं ती ताईंच्याच सुरात घाईघाईने म्हणाली. ते ऐकून हे उठले आणि डोक्यावरून अंघोळ करून आले. मीही केली. त्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्यांदा ताईंसाठी रडलो आणि खरं सांगते, मला त्यांचा अभिमान वाटला.

पण फोन ठेवण्याआधी रोहिणीने आणखी एक विचारलं होतं. तुलनेसाठी एक प्लेट अर्काविना ठेवली होती, ती अजून वाढतेच आहे. काम झालं, तर ती बंद करू का? मी ह्यांच्याकडे फोन दिला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उपाशी नको ठेवजो तिले."

आता एक दिवसाआड दुपारी रोहिणीचा मेसेज येतो, 'बदललं'. तो येईपर्यंत हे ताटावर बसत नाहीत. मी वाढलेलं झाकून ठेवते आणि विचारत नाही की हे कुठवर.